खवल्या चालतो कसा

बाबांच्या लेकीला सिनेमाची भीती वाटत नव्हती, सिनेमा बघायला येणाऱ्यांची वाटत होती. आणि ती काही उगाच घाबरणारी बाई नव्हती. नवशिक्यांच्या शेजारी बसून त्यांना भर रहदारीत गाडी चालवायला शिकवायचं हा तिचा धंदा. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्या माणसाला "हरकत नाही, पाय उचला" असं शांतपणे सांगता येणं ही तिची कमाई. पण ‘दूरची चौकी’च्या चाहत्यांचं नाव काढलं की तिचाच पाय ब्रेक शोधायला लागायचा.

हे चाहते म्हणजे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. ‘दूरची चौकी’ ही अवकाशातल्या एका पहाऱ्याच्या ठाण्याची मालिका. ती बंद पडून तीसेक वर्षं झाली, तरी तिच्यावर जीव टाकणारी माणसं अजून शाबूत आहेत, आणि त्यांना पोटापाण्याचं काही काम नसावं अशी शंका यावी इतक्या बारकाईने ती वाद घालतात. त्यांचा म्होरक्या एक दातांचा डॉक्टर. त्याला सगळे भिंगवाला म्हणतात. मालिकेच्या एका भागात चंद्र खिडकीच्या उजवीकडे होता आणि पुढच्या भागात डावीकडे, हे त्याने शोधून काढलं होतं. बरं, शोधून स्वस्थ बसावं की नाही? ठाणं स्वतःभोवती फिरत असलं पाहिजे असं त्याने ठरवलं आणि ते कोणत्या गतीने फिरतं हेही सिद्ध करून दाखवलं. खरी गोष्ट एवढीच होती की सेटवरच्या सुताराने खिडकी उलटी बसवली होती. बाबांना ते ठाऊक होतं, पण भिंगवाल्याला सांगायची त्यांची छाती झाली नाही.

बाबांना ठाऊक असायचं कारण बाबा त्या मालिकेत होते. दिसत मात्र कधीच नव्हते. ठाण्याच्या दाराशी खवल्या नावाचा एक प्राणी पहारा द्यायचा, नखशिखांत खवल्यांचा, तोंडातून शब्द न काढणारा. त्याच्या रबरी कातड्याच्या आत बाबा असत. प्रत्येक भागाच्या शेवटी खवल्या हातात दिवा घेऊन एका लांबलचक पॅसेजमधून चालत जाई, शेवटचं दार नीट लागलंय ना ते बघे आणि परत येई. बस्स, एवढंच काम. पण ती चाल! आधी टाच टेकायची, मग कमरेला एक झोल, आणि मागचा पाय असा यायचा की त्याला यायचं मुळीच नव्हतं, केवळ कर्तव्य म्हणून आला. त्या चालीवर लोक फिदा झाले. शेवटच्या भागात खवल्याने आपलं पिल्लू कापडात गुंडाळून एका छोट्या यानातून दूर धाडून दिलं आणि स्वतः पहाऱ्यावर राहिला, तेव्हा चांगली मिशीवाली माणसं हमसून हमसून रडली म्हणे. पुढे त्या पिल्लाचं काय झालं हे कोणीच सांगितलं नाही. चाहते अजून त्याची वाट बघत बसलेत.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की हे सगळं नव्याने, मोठ्या पडद्यावर काढावं. पहिला सिनेमा आला आणि चाहते हात धुऊन त्याच्या मागे लागले. खवल्या कॉम्प्युटरवर बनवलेला होता. एकेक खवला बघत राहावा असा देखणा, पण चालायला लागला की लोण्यावरून घसरल्यासारखा. ‘लोणीपाल’ हे नाव त्याला पहिल्याच खेळाच्या मध्यंतरात पडलं. बाबांचा त्या सिनेमाशी काडीचा संबंध नव्हता, तरी लोकांनी त्यांना फोन करून फार वाईट झालं म्हणून सांगितलं. काही जण तर घरी आले, सांत्वनाला आल्यासारखे खुर्च्यांच्या कडेवर बसले, पाणी प्यायले आणि सुस्कारा टाकून गेले. बाबाच त्यांना धीर देत होते. लेक आतल्या खोलीत जाऊन पोट धरून हसत होती.

तेव्हा हसली खरी. दुसऱ्या भागाच्या वेळी मात्र तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

दुसऱ्या भागाला नवी दिग्दर्शिका आली आणि ती शहाणी निघाली. तिने सरळ बाबांचं घर गाठलं आणि खवल्या तुम्हीच व्हा म्हणून गळ घातली. मालिका संपल्यापासून बाबांनी खिडक्यांच्या पडद्यांच्या दुकानात मापं घेण्यात आयुष्य काढलं होतं. त्यांनी वय सांगितलं, गुडघे सांगितले, आता ते कातडं पेलवेल का अशी शंका काढली, आणि हे सगळं सांगतासांगताच उठून ते पायाखालची सतरंजी बाजूला सारायला लागले. चालून दाखवायला जागा नको का? त्या रात्री ते लहान मुलासारखे जेवलेच नाहीत. लेकीने आपले शिकाऊ लोक दुपारवर ढकलले आणि बाबांना रोज सकाळी स्टुडिओत नेऊन सोडायला लागली.

बसायचे प्रसंग बाबांनी झोकात केले. कथेत खवल्या आता म्हातारा झाला होता आणि दाराशी एका ओट्यावर बसून असायचा. बाबा त्या कातड्यात असे बसत की कॅमेऱ्यामागची माणसं आपोआप हळू बोलायला लागत. चालायचा प्रसंग शेवटी ठेवला होता, आणि नेमका त्या दिवशी सकाळी बाबांचा गुडघा टम्म सुजला. हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. चालायचं नाव काढायचं नाही, उभंही राहायचं नाही. इकडे त्या सेटची जागा दुसऱ्या कोणाला दिलेली, तो लगेच मोडायचा होता. दिग्दर्शिका दवाखान्यात आली, बराच वेळ ओठ चावत उभी राहिली आणि शेवटी कॉम्प्युटरचा विषय काढला. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाबांचे कपडे आणि चष्मा आणायला लेक स्टुडिओत गेली, तेव्हा कपडेपटातल्या मावशींनी तिला अडवलं. या मावशी जुन्या मालिकेपासूनच्या. त्यांनीच ते पहिलं कातडं शिवलं होतं. त्यांनी लेकीला दारापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. ती गेली आणि आली. मावशींनी दिग्दर्शिकेला बोलावून लेकीला पुन्हा तसंच चालायला लावलं. दिग्दर्शिकेने तोंडावर हात ठेवला.

यात जादू काही नव्हती. पहिलं कातडं शिवलं होतं एका उंच्यापुऱ्या माणसाच्या मापाने. तो काम सोडून गेला आणि बाबांना त्यात कोंबलं, म्हणून त्या कातड्याचे पाय त्यांना भलतेच मोठे व्हायचे. मोठ्या पायांनी न पडता कसं चालायचं याचा सराव बाबा घरच्या पॅसेजमध्ये करत, पायांत कोणाचेतरी दांडगे बूट घालून, सकाळ-संध्याकाळ. आणि लेक तेव्हा नुकती भिंत सोडून उभी राहायला लागली होती. ती त्यांच्या मागेमागे चालायला शिकली. टाच, झोल, मग मागचा पाय. चालणं म्हणतात ते हेच, अशी तिची समजूत झाली. पुढे आईने तिला माणसासारखं चालायला शिकवण्यासाठी जिवाचं रान केलं, शाळेत पोरींनी पिडून काढलं, कशाचा म्हणून उपयोग झाला नाही. तिने बसून करायचा धंदा पत्करला त्याला कदाचित हेही एक कारण असेल.

तिने बाबांना विचारल्याशिवाय कातड्याला हात लावला नाही. दवाखान्यात जाऊन, खाटेच्या कडेला बसून, सगळं सांगितलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं.

"घाल," ते म्हणाले. मग म्हणाले, "पाय जड असतात. घाई करू नकोस."

तेवढंच. तिने ते कातडं चढवलं, आत घामाने निथळली, दोन भोकांतून दिसेल तेवढा पॅसेज बघितला आणि चालली. एका दमात झालं. सिनेमात नाव बाबांचंच द्यायचं हे तिनेच दिग्दर्शिकेकडून कबूल करून घेतलं. दिग्दर्शिका, मावशी, बाबा आणि ती. चौघांत अळीमिळी गुपचिळी.

आणि त्या दिवसापासून बाबा गप्प झाले. गुडघा उतरला, काठी घेऊन हिंडायला लागले, पण सिनेमाचं अक्षर काढेनात. तिने विषय काढला की ते उठून नळ बंद आहे का बघायला जायचे. लेकीने जे समजायचं ते समजून घेतलं. या माणसाचा चेहरा कधी कोणी पाहिला नाही, नाव रस्त्यात कोणी घेतलं नाही. आयुष्यभराची पुंजी म्हणाल तर ती एक चाल, आणि तीच आपण त्यांच्या अंगावरून उतरवून घेतली. हे मनाला खात होतंच. त्यात चाहत्यांची धास्ती. ज्या माणसांनी चंद्र पकडला ती पाय सोडतील? पकडलं तर लोक आपल्याला नावं ठेवणार नाहीत, आपल्याला कोण ओळखतं? बाबांना ठेवतील. म्हाताऱ्याने दुसऱ्याला चालवलं आणि नाव आपलं लावलं, म्हणतील. जे सांत्वनाला येऊन पाणी प्यायले तेच उद्या तोंड फिरवतील, आणि बाबा या वयात ते सोसणार कसे?

अशात भिंगवाल्याचा फोन आला. पहिला खेळ आम्ही सगळे मिळून बघणार, थिएटर ठरवलंय, आणि मधली खुर्ची बाबांची. नाही म्हणायची सोयच नव्हती. बाबांनी हो म्हटलं आणि फोन ठेवून नळ बघायला गेले.

लेकीला खरी भीती होती ती सिनेमानंतरच्या पाहणीची. पाहणी ही या मंडळींची रीत. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी कोणी उठायचं नाही. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि आपण काय पाहिलं ते सांगायचं. छान म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. तो अधिकार तुमचा नव्हे. फक्त जे पाहिलं ते. मागच्या पाहणीत एका बाईने उठून, लोणीपालाच्या पायाखाली आपल्याला जमीन दिसली नाही, एवढंच सांगितलं आणि खाली बसली. त्या सिनेमाचं दुकान त्या वाक्याने बंद झालं.

ठरल्या दुपारी दोघं थिएटरवर पोचली. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गुडघ्याला पट्टा. आत शिरताच अख्खं थिएटर बाबांकडे बघत उठून उभं राहिलं; लेकीच्या पायांकडे बघायला कोणाला सवड नव्हती. बाबा ओशाळे झाले. जो तो पुढे होऊन हात मिळवत होता, आणि लेकीला त्यातला प्रत्येक हात जपून ठेवावासा वाटत होता, कारण परत जाताना किती जण हात पुढे करतील कोणास ठाऊक. भिंगवाला बारीक आवाजाचा, बुटका, नीटनेटका माणूस निघाला. त्याने बाबांच्या काठीकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं, आणि मधल्या खुर्चीकडे हात केला. लेक पटकन मधे आली.

सिनेमा सुरू झाला. तिने तो पाहिला असं म्हणणं धाडसाचं होईल. ती बाबांना बघत होती. ओट्यावर बसलेला म्हातारा खवल्या पडद्यावर आला तेव्हा टाळ्यांनी छप्पर उडालं आणि बाबांनी मान खाली घातली. बरंच काय काय होत राहिलं, लढाया झाल्या, एक कप्तान गेला, दुसरा आला. मग ठाण्यावरचे दिवे मंद झाले, हातात दिवा घेतलेली पाठमोरी आकृती पॅसेजच्या तोंडाशी उभी राहिली, आणि थिएटरात कोणाच्या कपड्याची सळसळही ऐकू येईना.

टाच टेकली. कमरेला झोल आला. मागचा पाय आला.

बाबा पुढे झुकले होते. दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते आणि त्या हातांवर त्यांनी हनुवटी टेकवली होती. चेहऱ्यावर काय होतं ते अंधारात कळेना. लेकीने एकदाच पडद्याकडे बघितलं. आपलीच पाठ अशी आपल्यापासून लांब जाताना बघणं विचित्रच. तिला वाटलं, बरी चाललेय की. लगेच वाटलं, मेले, दिवा भलत्याच हातात आहे. बाबा खवल्या झाले की दिवा नेहमी उजव्या हातात घेत. तिच्या हाताला जो आधी लागला त्यात तिने घेतला होता, आणि गडबडीत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

चाल संपली. टाळी नाही. शिट्टी नाही. खोकलासुद्धा नाही. अशी शांतता शिकाऊ माणूस गाडी खांबावर नेतो त्याच्या आधी क्षणभर पसरते. तिला ती चांगली परिचयाची होती. शेवटी नावं आली, बाबांचं नाव आलं, तेव्हा टाळ्या वाजल्या. पण त्या आदराच्या होत्या की दयेच्या, हे काही तिला सांगता येईना.

दिवे लागले आणि पाहणी सुरू झाली. ग्रंथालयात काम करणाऱ्या एका बाईंनी कप्तानाच्या टेबलावर जुना टवका उडालेला कप पाहिला होता. एका बसचालकाने दारावरचा दिवा लागायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो हे पाहिलं होतं, आणि त्यावरून ठाण्याची वीज संपत आलीय असं अनुमान मोठ्या काळजीने काढलं, जणू त्याला स्वतःला तिथे कामावर जायचं होतं. लेकीला जरा श्वास घेता आला. मग केकच्या दुकानाचा एक आडव्या अंगाचा मालक उभा राहिला.

"बसलेला खवल्या आणि चाललेला खवल्या," तो म्हणाला, "एक नव्हते."

थिएटरभर एक हुंकार गेला. म्हणजे हे त्या एकट्यालाच दिसलं नव्हतं. सगळ्यांना दिसलं होतं, कोणीतरी तोंड उघडायची वाट बघत होते. लेकीने बाबांकडे बघितलं तर ते समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होते. आता उठून त्यांना घेऊन सरळ बाहेर पडावं असं तिच्या मनात आलं, पण दोन्ही बाजूंना गुडघ्याला गुडघे लावून माणसं बसली होती.

भिंगवाला उभा राहिला. त्याचा आवाज आधीच बारीक, त्यात तो कापत होता.

"बसलेला श्वास घेतो तेव्हा त्याचे खांदे वर येतात. चालणाऱ्याचे येत नाहीत. बसलेल्याच्या उजव्या हाताशी दिवा ठेवलेला आहे. चालणाऱ्याने डाव्या हातात घेतलाय. आणि चाल तीच आहे. नक्कल नाही. नक्कल करणारा पाय मोजून टाकतो, हा मोजत नव्हता. ही चाल कोणी शिकवलेली नाही, अंगातच आहे." तो थांबला. लेकीने डोळे मिटून घेतले. आता फसवणूक हा शब्द येणार. "पण पाय जुने नाहीत. मला तरी याचा एकच अर्थ लागतो. पिल्लू परत आलंय."

कोणीतरी हुंदका दिला. तो केकवाला होता. आणि मग जे सुरू झालं त्याला पाहणी म्हणणं कठीण आहे. रीत वगैरे सगळे विसरले. म्हाताऱ्याने ओट्यावर बसून इतकी वर्षं वाट कोणाची पाहिली, त्याचा आता उलगडा झाला. कप्तान मधेच दाराकडे बघून हसतो कशाला, त्याचाही झाला. पिल्लू डावखुरं आहे हे तर स्वच्छच होतं. त्याला ज्या कापडात गुंडाळून धाडलं त्या कापडाची गाठ डाव्या बाजूला होती, हे ग्रंथालयवाल्या बाईंना आठवलं आणि त्यांना उचलून घ्यायचंच तेवढं बाकी राहिलं. सुतावरून स्वर्ग गाठावा तर या लोकांनी. पटकथेत यातलं एक अक्षर नव्हतं. पटकथेत ‘खवल्या चालत जातो’ एवढंच होतं, लेकीने स्वतः वाचलं होतं.

तिचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पकडलं होतं, अगदी मुळापर्यंत पकडलं होतं, आणि तरी बाबांच्या केसाला धक्का लागला नव्हता. आता कोणी काही विचारू नये, बाबांनी हसून मान डोलवावी आणि घरी जाऊन निवांत चहा प्यावा, एवढंच तिला हवं होतं.

पण भिंगवाला त्यांच्याकडे वळला होता. तुम्ही कराराने बांधलेले आहात, जास्त काही विचारत नाही, असं त्याने अगदी अदबीने सांगितलं. मग म्हणाला, "आम्ही बरोबर पाहिलं का, तेवढंच सांगा."

लेकीने बाबांच्या दंडावर हात ठेवला. हो म्हणा आणि सुटा, असा त्या हाताचा अर्थ होता. बाबांनी तो हात थोपटला, बाजूला केला आणि काठी टेकत उभे राहिले.

"सिनेमात काय आहे ते दिग्दर्शिकेला विचारा," बाबा म्हणाले. "मला कथेतलं कधीच कळलं नाही. मला एवढं माहीत आहे की त्या दिवशी माझा गुडघा गेला होता आणि मी दवाखान्यात पडलो होतो. चालली ती ही. माझी मुलगी."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिला कुठे बघावं कळेना.

"माझं नाव लावलंय ते तिच्या हट्टापायी. ते बरोबर नाही." बाबांनी दम घेतला. "तुम्ही इतकी वर्षं मला सांगता, ती चाल, ती चाल. मला कधी कळलं नाही. मी स्वतःला बघायला बसलो की चुकाच बघायचो. आज पहिल्यांदा नुसतं बघितलं. तुम्ही एवढे वेडे का झालात ते आज कळलं मला."

ते बसले. भिंगवाल्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला.

"म्हणजे बरोबरच पाहिलं," तो म्हणाला.

मग माणसं उठून त्यांच्या रांगेकडे यायला लागली. पण धक्काबुक्की नाही, शिस्तीत, एकामागे एक. फसवणूक हा शब्द कोणाच्या मनातही नव्हता. बसचालकाने लेकीचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्याला काही सुचेना, म्हणून तो तिला गाडी कोणती चालवता ते विचारत बसला. केकवाला तर अजून रडतच होता. तोवर मागे नवा वाद पेटला होता. पिल्लू मुलगी आहे हे आता ठरलं का, की अजून पुरावा हवा? ग्रंथालयवाल्या बाईंच्या मते ते पहिल्यापासून उघड होतं, लोकांना बघायला नको. लेकीला हसू यायला लागलं, आणि एकदा आलं ते थांबेचना.

पुढचं सांगायचं तर दिग्दर्शिकेने दुसऱ्याच दिवशी, प्रेक्षकांनी मर्म अचूक ओळखलं, असं सगळीकडे सांगून टाकलं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. आयतं आलेलं शहाणपण कोण परत करतं? नावांच्या यादीत लेकीचं नावही घातलं गेलं, बाबांच्या शेजारी.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी दोघं थिएटरच्या जिन्यावरून उतरत होती, पायरी-पायरीने, कारण बाबांचा गुडघा बसूनबसून आखडला होता. कठड्याला धरून ते मधेच थांबले. लेकीने मग विचारलंच. इतके दिवस तोंड शिवून का बसलात? मला वाटलं, मी घातलं ते तुमच्या मनाला लागलं.

बाबांना ते खरंच नवीन होतं. ते तिच्याकडे बघत राहिले.

"वेडी आहेस का," ते म्हणाले. "मला वाटलं, ते तुला फाडून खातील. त्या लोणीपालाचं काय केलं बघितलंस ना? तुला घाल म्हणालो आणि तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही."

म्हणजे इतके दिवस एका घरात दोघांची एकमेकांसाठी पाचावर धारण बसली होती, आणि बिचारा नळ विनाकारण तपासला जात होता. लेकीला हसावं की ओरडावं समजेना. तिने ओरडायचं ठरवलं. मग सांगितलंत कशाला? सगळं निभावलं होतं, पिल्लू म्हणून खूश झाले होते सगळे, तुमचं नाव राहिलं होतं, मी आरामात घरी आले असते, कोणाला काही कळलं नसतं.

"म्हणून तर सांगितलं," बाबा म्हणाले. "मी आत होतो ते ठीक होतं, मला ते बरं वाटायचं. तू कशाला आत राहायचंस?"

लेक जिन्यातच बसली आणि रडली. बाबा शेजारी उभे राहिले, काठी काखेत धरून, तिच्या डोक्यावर हात ठेवून. वरून उतरणारी माणसं दोघांना वाट देऊन बाजूने जात होती. बराच वेळ गेला. मग तिने नाक पुसलं, त्यांच्या हाताला धरून उठली, आणि दोघं उरलेल्या पायऱ्या उतरून गाडीकडे गेली.